पंधराचा निळा फ्यूज

तिसऱ्यांदा गाडी बंद पडली ती पण त्याच वळणावर, आणि ह्या वेळी स्टेअरिंगच्या खालून धूर आला. पोरगी शेजारच्या सीटवर ओढणीनं बांधलेली, चौदा महिन्यांची, मी गाठ सोडायला गेले तर गाठ सुटेना, बोटंच वळत नव्हती, शेवटी ओढणीसकट तिला उपसून काढलं आणि रस्त्याच्या पलीकडे दगडी गडग्याला पाठ लावून उभी राहिले. हँडब्रेक ओढला की नाही ते आठवेना. गाडी उतारावर तोंड करून उभी, आतून धुराची बारीक रेघ, आणि सगळीकडे मिरची जळल्याचा वास, असा की मला ठसका लागला, पोरीला ठसका लागला, आणि आम्ही दोघी त्या वळणावर नुसत्या खोकत उभ्या. कोणी येईल म्हणून वाट बघितली. कोणी आलं नाही. दुपारी बारा वाजता आमच्या रस्त्याला कोणी नसतंच.

गाडी म्हणजे आमची जुनी पिकअप. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, वापरलेलीच घेतली होती, चिरे वाहायला, हंगामात आंब्याच्या पेट्या न्यायला. मग हे बोटीवर लागले, मालाची बोट, नऊ महिन्यांचं काँट्रॅक्ट. जायच्या आधी मला वरच्या मोकळ्या माळावर, सड्यावर नेऊन गाडी शिकवली, तिथं आपटायला काही नाही म्हणून. मी आठवीतून शाळा सोडलेली, भित्री म्हणून घरादारात प्रसिद्ध, पण गाडी मला जमली, कशी ते मलाच कळलं नाही, लायसनसुद्धा मिळालं. आणि हे गेल्यावर मी आठवड्यातून दोनदा वाडीतले नारळ आणि भाजी बाजारात न्यायला लागले. बाजारात दोन-चार जण म्हणायचे, काय वहिनी, आज उशीर झाला. मी म्हणायचे, हो, जरा झाला. तेवढंच बोलणं, पण ते मी परत येताना वाटभर मनात धरून ठेवायचे. कारण गणपती झाले, मुंबईवाले परत गेले, आणि आमच्या आजूबाजूची तिन्ही घरं कुलूप लावून बंद. घरात मी, पोरगी आणि सासूबाई. सासूबाई दिवसभर भाताच्या नाहीतर गवताच्या कामात, बोलल्या तर चुलीवर काय ठेवलंय एवढंच.

पहिल्यांदा बंद पडली तेव्हा मला फ्यूज म्हणजे काय ते पण ठाऊक नव्हतं. चावी फिरवली तर सेल्फ फिरतोय, कुर्र कुर्र करतोय, पण इंजिन काही उचलत नाही. एक टेम्पोवाला थांबला, त्यानं स्टेअरिंगच्या खाली डोकं घालून एक चपटा निळा तुकडा काढला आणि उन्हात धरून दाखवला. म्हणाला, हा बघा, आतली तार तुटली, उडाला. पंधरा अँपिअरचा निळा, दहाचा लाल, लक्षात ठेवा. त्याच्याजवळचा एक घातला, गाडी चालू. मी बाजारात जाऊन मूठभर निळे फ्यूज घेऊन आले, आणि मला वाटलं आता मला सगळं येतं.

दहा-बारा दिवसांनी परत तिथंच. मी स्वतः फ्यूज घातला तर टक् करून ठिणगी आणि उडाला. दुसरा घातला, उडाला. सगळे उडवले. मग दुसरा एक ड्रायव्हर आला, तो म्हणाला, असे किती घालणार, आणि त्यानं पोरीच्या हातातल्या चॉकलेटची चांदी घेऊन उडालेल्या फ्यूजला गुंडाळली आणि खोचली. म्हणाला, आता उडायचा नाही. खरंच नाही उडाला. मी त्याला दोन शहाळी दिली. आणि त्याच चांदीनं तिसऱ्या वेळी धूर काढला.

त्या दिवशी पोरीला कडेवर घेऊन मी चालत घरी आले, तिला सासूबाईंकडे दिलं आणि परत एकटी वर गेले, गाडी रस्त्यात तशीच ठेवता येईना म्हणून. उतार आमच्या अंगणापर्यंत आहे, म्हणून नुसती घरंगळत आणली. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन्ही पाय ब्रेकवर घालून, सीटवरून अर्धी उठून, तोंडातून आवाज न काढता मी ती गाडी खाली आणली आणि शेण्यांच्या ढिगाला टेकवली.

त्या वळणाला शेंदूर लावलेला एक दगड आहे. राखणदार म्हणतात त्याला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न तोच.

"त्याला हात जोडतंस काय गो तिथून जाताना?"

"हॉर्न मारते ना, आई. वळण आंधळं आहे."

"हॉर्न मारतंस. वा. आणि हात?"

"दोन्ही हात जोडले तर गाडी कोण धरणार?"

"मग आता धरलान् ना त्यानं," त्या म्हणाल्या. मिरचीचा वास आला, ठसका लागला हे सांगितल्यावर त्यांनी थोडा विचार केला. "ठसका लागला म्हणजे दृष्ट नाय. दृष्ट असती तर मिरची जळून पण ठसका लागला नसता. ही जागेचीच अडचण. नारळ देऊन गाऱ्हाणं घालूक हवं."

मला पण तेच वाटत होतं. मी घाबरट आहे ते आधीच सांगितलं. हे बोटीवर गेले त्या शनिवारपासून मी दर शनिवारी गाडीला पुढे लिंबू-मिरची बांधत होते, एक चुकवला नव्हता. आधी दोऱ्यानं बांधायचे, पण पावसात दोरा कुजला आणि एक दिवस लिंबू अंगणात पडलेलं दिसलं, आणि नेमका त्याच दिवशी ह्यांचा फोन आला नाही. मला रात्रभर झोप नाही. म्हणून मग ह्यांच्या पेटीतली बांधकामाची बारीक तार घेतली आणि तारेत मिरच्या, कोळसा, लिंबू ओवून समोरच्या जाळीला पक्कं पिळून बसवलं. पुढच्या शनिवारी जुनं लिंबू ओढून काढायचं, नवीन बांधायचं. पीळ सोडवायला पक्कड लागते, म्हणून जुनी तार तिथंच राहायची, मी ती जाळीतून आत दाबून टाकायचे, दिसायला बरं नाही म्हणून. गाडी पहिल्यांदा बंद पडल्यावर मी एकाच्या जागी दोन बांधायला लागले.

शुक्रवारी मोठ्या दिरांचा फोन आला. ते लोट्याला कंपनीत आहेत, शिफ्टला, घर पण तिकडेच. सासूबाईंनी त्यांना धुराचं सांगितलं होतं.

"रविवारी माझी सुट्टी आहे," ते म्हणाले. "एका माणसाला गाडी हवी आहे, त्याला घेऊन येतो. कागद काढून ठेव."

"भाऊजी, मी दुरुस्त करून घेते ना."

"तीनदा बंद पडली, तीनदा काय केलंस? चांदी घातलीस. आता काय मंगळसूत्र घालणार आहेस फ्यूजच्या जागी?"

मग त्यांचाच आवाज जरा खाली आला. "अगं, पोरगी गाडीत होती. पेटली असती तर आम्ही त्याला काय तोंड दाखवलं असतं? तो तिकडे समुद्रात."

ते बरोबर बोलत होते, म्हणूनच मला रडायला आलं. मी म्हटलं, रविवारपर्यंत बघते, नाही झाली तर न्या. फोनवर मागे कुणीतरी हसत होतं, कंपनीची बस असावी. मग म्हणाले, "ठीक. रविवारी माझ्यासमोर त्या वळणावरून वर जाऊन खाली ये. न थांबता आली तर राहू दे गाडी. थांबली तर त्याच दिवशी देऊन टाकायची. मग रडायचं नाही."

ह्यांना मेसेज केला. एकच टिक. बुधवारपासूनचे सगळे मेसेज एकाच टिकवर होते. गाडी गेली तर काय होईल ते मी त्या रात्री एकटीच मोजत बसले, म्हणजे काय, फार काही होणार नव्हतं, नारळ दुसऱ्या कुणाच्या टेम्पोनं गेले असते. पण मी घरातच राहिले असते, आणि उशीर झाला का हे मला विचारणारं कोणी उरलं नसतं.

शनिवारी पोरीला घेऊन नाक्यावर चालत गेले. तिथं गाड्यांचा वायरमन आहे, तो एका टेम्पोच्या खाली आडवा पडलेला, त्याचे नुसते पाय बाहेर. पायांनाच मी सगळं सांगितलं. चांदीचं ऐकल्यावर तो सरपटत बाहेर आला.

"चांदी कोणी घातली?"

"एका ड्रायव्हरनं."

"त्याला म्हणावं, स्वतःच्या गाडीत घाल. वहिनी, फ्यूज उडतो तो गाडी वाचवायला. कुठंतरी वायर बॉडीला लागते, लोखंडाला, म्हणून उडतो. तुम्ही त्याचं तोंड दाबून ठेवलंत, मग धूर येणारच ना."

मी म्हटलं, येऊन बघता का. त्यानं दोन उघड्या गाड्या दाखवल्या आणि म्हणाला, सोमवारी. मी म्हटलं, सोमवारी गाडी नसेल. तेव्हा मी कशी दिसत होते कोण जाणे, धाप लागलेली, पोरगी खांद्यावर झोपलेली, पण त्यानं आत जाऊन इंडिकेटरचा एक बल्ब आणला, त्याला दोन वायरी जोडून दिल्या. म्हणाला, फ्यूज काढायचा, त्याच्या जागी ह्या दोन वायरी खोचायच्या. चावी ऑन. बल्ब मंद लागला तर ठीक, डिझेलच्या पंपाचं काम चाललंय. लख्ख पेटला तर शॉर्ट आहे. मग एक-एक गोष्ट काढत जायची, ज्या क्षणी लख्खचा मंद झाला तिथं तुमचा चोर. आणि आधी बघा त्या फ्यूजवर काय काय चालतं.

"मला जमेल?"

"न जमायला काय, चपाती फुगली की नाही बघता ना. तसंच बघायचं. एक बल्ब बघणारा हवा, एक वायरी हलवणारा."

तिथंच माझी अडचण होती. बल्ब बघणारं कोणी नव्हतं.

रविवारी सकाळी सासूबाई नारळ घेऊन राखणदाराकडे गेल्या, तिथून परस्पर शेतावर जाणार होत्या, पोरीला पण घेऊन गेल्या. दीर चार वाजता येणार होते. मी गाडीच्या दारात गुडघ्यावर बसले. काल नाक्यावरून आणलेला एक चांगला फ्यूज घातला, काय काय चालतं ते बघितलं, मग काढला आणि काय बंद झालं ते कॅलेंडरच्या मागे लिहिलं. इंडिकेटर बंद. हॉर्न बंद. इंजिनपण बंद. आधीच्या कुठल्यातरी मालकानं मोठा हॉर्न बसवताना त्याची वायर ह्याच फ्यूजवर घेतली होती, हे मला मागाहून कळलं, तेव्हा नुसती तीन नावं लिहिली आणि बघत बसले. मग बल्ब लावला. चावी ऑन केली. बल्ब मंद. अगदी शांत, मंद. म्हणजे शॉर्ट नाही. म्हणजे गाडीला काही झालेलंच नाही, आणि मग ते वळणच खरं.

मी तशीच पायरीवर जाऊन बसले. मोगरीनं कोणी कपडे धोपटत नव्हतं, कुठं रेडिओ नव्हता, कुत्रंसुद्धा नव्हतं. मला वाटलं कागद काढून ठेवावेत. आणि मग असं डोक्यात आलं की गाडी अंगणात उभी आहे, आणि वळणावर ती उभी नसते, ती आदळते. वळणावर रस्ता खचलाय, पुढचं चाक धाडकन आत जातं. मग अंगणात आदळून बघायला काय हरकत आहे.

दोन वायरींना घरातली आणखी वायर जोडली, खिडकीतून बाहेर काढली आणि बल्ब समोर काचेवर वायपरला लटकवला, मला पुढून दिसेल असा. उन्हात मंद-लख्ख कळेना, म्हणून त्याच्यावर अर्धी करवंटी उपडी धरून दोरीनं बांधली. आणि मग बंपरवर पाय देऊन चढले, उतरले, चढले, उतरले. दोन्ही हातांनी बॉनेट दाबलं. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं हिला लागलंय काहीतरी. चौथ्या की पाचव्या वेळी करवंटीच्या आत लख्ख उजेड झाला आणि गेला.

मी मोठ्यानं म्हटलं, दिसला. कुणाला म्हटलं काय माहीत.

इंडिकेटरचे चारही बल्ब काढले. दाबलं. लख्ख. म्हणजे इंडिकेटर नाही. मग हॉर्नची वायर काढायला जाळीतून हात घातला, आणि बोटाला टोचलं. आत बघितलं. हॉर्नच्या मागच्या खिळ्याला, जिथं वायर बसते तिथं, माझ्या लिंबा-मिरच्यांच्या तारा. चार महिन्यांच्या. एकात एक अडकून, गंजून, घरट्यासारख्या. एक टोक लोखंडी जाळीला पिळलेलं, दुसरं लोंबतं टोक गाडी आदळली की हॉर्नच्या खिळ्याला टेकत होतं. आतल्या तारेत अडकून राहिलेली एक जुनी मिरची अर्धी काळी पडली होती. चांदीनं फ्यूज उडू दिला नव्हता, तेव्हा ती तारच तापली होती, मिरचीच्या पोटातून. तोच वास.

मी केलं होतं. प्रत्येक शनिवारी, आंघोळ करून, हात जोडून.

वायरी जोडायला पेटीतून काढलेली पक्कड हातात होती आणि मला तोडवेना. हसू येईल, पण खरंच सांगते. फॉल्ट डोळ्यांना दिसतोय, बल्ब सांगतोय, आणि माझ्या मनात एकच, ह्यातली प्रत्येक तार मी ह्यांच्यासाठी बांधली आहे आणि बुधवारपासून एकच टिक आहे. (हे पुढे चार महिन्यांनी नीट घरी आले, ते इथंच सांगून टाकते, वाचणाऱ्याला घोर नको. पण तेव्हा मला ते कुठं ठाऊक होतं.) मी एक तार तोडली आणि थांबले. काही झालं नाही. दुसरी तोडली. फोन खिशात आहे ना बघितलं. तिसरी. मग डोळे मिटूनच तोडत गेले, तारा ओढून ओढून काढल्या, हातावर ओरखडे उठले, आणि शेवटी जाळी मोकळी झाली. बंपरवर चढून दहा-वीस वेळा नाचले. बल्ब मंद. हॉर्नच्या खिळ्यावर काळी टेप गुंडाळली, बल्ब काढला, निळा फ्यूज घातला. तारांचा तो गोळा केळीच्या बुंध्याशी पुरला, कोणाला दिसू नये म्हणून, आणि हात धुताना मला धाप लागली होती, जशी काही मी चोरी केली होती.

दीर चार वाजता आले. बरोबरचा माणूस ठेंगणा, गाडीभोवती फिरून टायरला लाथ मारणारा. सासूबाई पोरीला घेऊन ओटीवर. मी चावी फिरवली, एका दमात इंजिन उठलं. दीर शेजारी बसले, वरची कडी घट्ट धरून. वळण आलं. मी हॉर्न दाबला, चाक खड्ड्यात गेलं, गाडी आदळली, दिरांचं डोकं वर लागलं, आणि इंजिन चालूच. वर जाऊन वळवली, परत आले, परत आदळली. चालूच. अंगणात आणून उभी केली तेव्हा माझ्या पाठीला ब्लाऊज चिकटलं होतं.

टायरवाला माणूस खूश झाला. "फर्स्ट क्लास आहे हो. मला चालेल. आत्ता घेऊन जातो."

दीर खाली उतरले, बॉनेटवर हात फिरवायला लागले. त्यांचा विचार फिरतोय हे मला दिसलं.

"चालू गाडीला गिऱ्हाईक चांगलं मिळतं," ते सासूबाईंकडे बघून म्हणाले. "परत बंद पडली तर भंगारात जाईल."

मी चावी मुठीत धरली होती. माझा आवाज फार बारीक निघाला. "भाऊजी, तुम्ही म्हणाला होतात, थांबली नाही तर राहू दे."

"म्हणालो होतो. पण..."

"म्हणाला होतात."

मग ओटीवरून सासूबाई बोलल्या. "राहू दे रे गाडी. सकाळी गाऱ्हाणं घातलंय मी. ऐकलान् बघ त्यानं. त्यानं सोडलान् आणि आता आपण विकायची? चांगलं दिसत नाय ते."

तिथं विषय संपला. दिरांनी हात जोडले, कुठल्या दिशेला ते मला कळलं नाही. टायरवाला म्हणाला, मग आता नाक्यावर जायला काही आहे का, एसटी गेली असेल. मी म्हटलं, मी सोडते.

तो मागे उभा राहिला, दीर पुढे. वळण गेलं, सडा आला, तेव्हा त्यांनी विचारलं, "झालं होतं काय पण? वायरमन आला होता?"

"नाही. मीच बघितलं. वायर घासत होती."

"कुठली?"

"हॉर्नची."

"कशाला घासत होती?"

सांगायचं होतं मला. बल्बचं, करवंटीचं, बंपरवर कशी नाचले त्याचं, कोणीतरी ऐकून हसावं असं फार वाटत होतं. पण सांगितलं असतं तर लिंबू-मिरचीचं सांगावं लागलं असतं, आणि आईंचं गाऱ्हाणं खोटं पडलं असतं, आणि त्या गाऱ्हाण्यावरच तर गाडी राहिली होती.

"खराब रस्ता," मी म्हटलं.

"हं," ते म्हणाले. नाक्यावर उतरताना खिडकीत वाकले. "हात बघ केवढे ओरबाडलेत. हळद लाव." आणि गेले.

मी इंजिन बंद केलं नाही. बंद केलं आणि परत लागलं नाही तर, ही भीती अजून होतीच. वायरमनचं दुकान रविवारचं बंद होतं, नाहीतर त्याला तरी सांगितलं असतं. थोडा वेळ तशीच बसले, शेजारची सीट रिकामी, गाडी आपली थरथरतेय. मग छाती जड झाली, दूध भरून आलं, पोरगी घरी रडत असणार. गिअर टाकला आणि परत निघाले.